यंत्राची पाठचिकित्सा

अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालयात, स्थापना १९९४, रोल्स-रॉइसची चिलखती मोटार आहे. १९१४ पासून अशा गाड्या 'सिल्व्हर घोस्ट'च्या सांगाड्यावर बांधल्या गेल्या. आम्ही चिलखत न्याहाळतो. इंजिनातले पाणी विसरतो. तीन-तीन सिलिंडरांचे दोन बिडाचे ठोकळे त्या पाण्यानेच थंड राहत. बीड आतून गंजते, गाळ रेडिएटरच्या बारीक वाटांत साचतो, इंजिन तापते. गाळ धुता येतो. पण गंजाने खाल्लेला भाग नवा ओतून बसवला, तर मोटार कोणत्या काळाची म्हणायची? पोथीतला कसरीने खाल्लेला शब्द भरताना संपादक निदान चौकटी कंस घालतो. यंत्राकडून तेवढेही आम्ही मागत नाही! याच संग्रहालयातल्या जपानी 'हा-गो' रणगाड्याचे डिझेल इंजिन मात्र हवेने थंड होई. ही व्याधी त्याला ठाऊकच नव्हती.