बालकाचा श्वास आणि रात्रीचा पल्ला

सह्याद्रीच्या ऐन कड्यावर वसलेले आहुपे हे आंबेगाव तालुक्याचे पश्चिम टोक होय. येथून पूर्वापार चालत आलेली घाटवाट कोकणात मुरबाडच्या बाजूस उतरते. मागे घोडनदीचे खोरे आणि डिंभे धरणाचा जलाशय. तालुक्याचे ठाणे घोडेगाव पूर्वेस बरेच दूर पडते. महादेव कोळ्यांच्या अशा वस्तीत, पावसाळी रात्री, वर्षा-दोन वर्षांच्या मुलाचा श्वास अकस्मात चढला तर घरच्या माणसांनी काय करावयाचे? वैद्यकाच्या इतिहासात हा प्रश्न सहसा मांडला जात नाही. तो इतिहास बहुधा प्रयोगशाळांचा व रुग्णालयांचा असतो; चुलीपाशी बसलेल्या आईचा नसतो.

बोलता न येणाऱ्या बालकाची व्यथा ओळखावी कशी, याचा विचार मात्र आपल्याकडे जुना आहे. काश्यपसंहितेतील वेदनाध्याय याच विषयास वाहिलेला आहे. पुढे योगरत्नाकरात 'उत्फुल्लिका' नावाचा बालरोग आढळतो. बालकाची कूस फुगणे व श्वास लागणे ही त्याची लक्षणे. खेडोपाडी ज्यास 'डबा' म्हणत, तो बहुतांशी हाच. मुलाचे पोट उडते, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, आणि पाहणाऱ्यास दोष पोटातच आहे असे वाटते. म्हणून पोटावर तापल्या लोखंडाचा डाग अथवा बिब्ब्याचा चटका देण्याची रूढी पडली. या रूढीस निव्वळ अज्ञान म्हणून निकालात काढणे सोपे आहे. निरीक्षण खोटे नव्हते. अनुमान चुकले होते. शिवाय उजाडेपर्यंत दुसरा कोणताही उपाय हाती नसलेल्या घरात काहीतरी केल्याचे समाधान तेवढे मिळे. त्यापायी मुलास यातना होत आणि मोलाचा वेळ जाई, हेही तितकेच खरे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य वैद्यकाने मोठी मजल मारली. घटसर्पाने घसा कोंडलेल्या मुलांसाठी न्यूयॉर्कच्या जोसेफ ओड्वायर याने १८८५ च्या सुमारास स्वरयंत्रात नळी बसविण्याची रीत प्रचारात आणली. बेरिंग व किटासाटो यांचे प्रतिविषाचे संशोधन १८९० चे, आणि रू याने पॅरिसमधील मुलांवर केलेल्या उपचारांचे निष्कर्ष १८९४ चे. परंतु नळी बसविण्यास सराईत हात हवा, प्रतिविषास शहर हवे. कड्यावरच्या गावाला या दोहोंचा उपयोग व्हावयाचा तर मूल आधी तेथवर जिवंत पोचले पाहिजे. घटसर्प पुढे मागे हटला तो मुख्यतः लसीमुळे. न्यूमोनियाने मुले मरत राहिली.

या कोंडीतून वाट निघाली ती एका साध्या निरीक्षणातून. पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शान याने १९८४ मध्ये दाखविले की, खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटास ५० हून अधिक वेळा चालत असेल तर स्टेथोस्कोप वा क्ष-किरण यांवाचूनही न्यूमोनिया ओळखता येतो. छाती आत ओढली जात असेल तर दुखणे गंभीर समजावे. म्हणजे आजीबाईंना दिसणारे 'पोट उडणे' आता शास्त्राच्या पंक्तीस येऊन बसले.

महाराष्ट्रात याची कसोटी लागली ती १९८२ मध्ये निर्माण झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात. अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या 'सर्च' संस्थेने गावोगावचे आरोग्यसेवक व सुईणी यांच्या हाती निदान आणि कोट्रायमोक्साझोल हे औषध दिले. अक्षरओळख नसलेल्या बायांनी पन्नासपर्यंत मोजावे कसे, ही अडचण होती. तिच्यावर काढलेली तोड पाहण्यासारखी आहे: मण्यांची एक पाटी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी ठरलेला मणी सरकला तर औषध सुरू करावयाचे. दहापर्यंतची मोजणी पुरेशी होती, आणि ती प्रत्येकीस येत होती.

या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार झालेल्या ६१२ रुग्ण-प्रसंगांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १३.५ टक्के. पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनियाने होणारे मृत्यू हजारी १७.५ च्या तुलनेत ८.१ भरले. आकड्यांइतकीच महत्त्वाची गोष्ट अशी की, औषध नवे नव्हते, निदानाची कसोटीही आयती होती. बदलले होते ते औषध व मूल यांमधील अंतर. वैद्यकाच्या अधिकाराचा प्रश्नही त्यात गुंतला होता. प्रतिजैविक सुईणीच्या हाती द्यावे काय, या शंकेस गडचिरोलीने वादाने नव्हे, मोजदादीने उत्तर दिले.

अर्थात रात्री चढलेला प्रत्येक श्वास न्यूमोनियाचा नसतो. घशात शेंगदाणा अडकला असेल, स्वरयंत्र सुजून भुंकल्यासारखा खोकला येत असेल, वा दम्याची उबळ असेल, तर मणी सरकवून भागत नाही. तेथे वाहनच हवे. २००५ नंतर आशा सेविका गावागावांत आल्या, २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात धावू लागली. आहुप्यासारख्या गावी तिला जलाशयाच्या कडेने चढून यावे लागते. ती येईतो मुलास कडेवर उभे धरून शांत ठेवणे, त्याचे ओठ निळे पडतात काय हे दिव्याच्या उजेडात पाहणे, आणि उघड्या छातीवर नजर ठेवून मिनिटभर श्वास मोजणे, एवढे काम घरातच करावे लागते.