ठगाची कुळकथा, व्हाया हिंगोली

हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा एक बडा व्यापारी होता. निजामाच्या फौजेतले इंग्रज अधिकारीही त्याच्याकडून माल घेत. एकदा त्याने मुंबईहून कापड आणायला कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना काढला. त्या कापडाचा खरा मालक वाटेत होता. हरीसिंगने त्याला माणसांसकट संपवले आणि त्याच परवान्यावर माल आणून छावणीत राजरोस विकला.

पुढे तो पकडला गेला, आणि त्याच्या ठगटोळीने छावणीच्या हद्दीलगत पुरलेली प्रेते उकरली गेली. तेव्हा निजामाच्या फौजेतला अधिकारी फिलिप मेडोज टेलर तिथे जातीने हजर होता. 1839 साली आलेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीची ही हकीकत नोंदवली.

‘ठग’ हा शब्द इंग्रजीत त्याआधीच शिरला होता. मूळ संस्कृत ‘स्थग्’, म्हणजे झाकणे. इंग्रजी लिखाणात तो 1810 पासून सापडतो. दक्षिणेतले इंग्रज मात्र ‘फांसीगार’ म्हणत; मद्रासच्या डॉ. शेरवुड यांचा 1816 चा लेख याच नावाचा आहे.

पारडे ठगाकडे झुकवले ते ठगांविरुद्धची मोहीम चालवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याने, विल्यम स्लीमनने. 1836 साली कलकत्त्याला त्याने ‘रामासीयाना’ हा ठगांच्या गुप्त बोलीचा कोशच छापला. ‘बनिज’ म्हणजे एरवी व्यापाराचा माल; या बोलीत मारण्याजोगा वाटसरू. ‘भरतोत’ म्हणजे गळा आवळणारा. ‘झिरनी’ म्हणजे इशारा. टेलरच्या कादंबरीत तो ‘तंबाखू लाओ’ इतक्या साध्या शब्दांत येतो. ही सगळी बोली कोशातच राहिली. इंग्रजीत रुळला तो एकटा ठग.

टेलरची कादंबरी आली त्याच सुमारास लेखक थॉमस कार्लाइलने ग्लासगोच्या कामगारांमधल्या हिंसाचाराला ‘ठगरी’ म्हटले, आणि शब्द हिंदुस्थानच्या वाटांवरून थेट कारखान्यांच्या शहरात पोचला. पुढे तो कुठल्याही गुंडाला चिकटला. 1994 मध्ये अमेरिकन रॅपर टुपाक शकूरच्या गटाने ‘ठग लाइफ’ नावाचा अल्बम काढला, तेव्हा त्यात बंडखोरीची ऐटही आली. या प्रवासात फसवणूक गळाली, मारहाण उरली. मराठीत उलटे: आपला ठग हात उगारत नाही, गोड बोलून गंडवतो. ‘ठकास महाठक’ भेटतो तो अकलेच्या जोरावर.

स्लीमनचा कोश जरूर चाळावा. मात्र त्यातले शब्द फाशी टाळण्यासाठी माफीचे साक्षीदार झालेल्या कैद्यांच्या तोंडचे आहेत, हे विसरू नये. ठगांचा देशव्यापी पंथ खरोखर होता की कंपनी सरकारने तो फुगवला, यावर इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही.