गुरू की सनद?

१८२१ सालची गोष्ट. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, डोंगरांनी वेढलेल्या विल्यम्सटाउन गावी विल्यम्स कॉलेज १७९३ पासून चालू होते. एवढ्या आडबाजूला विद्यार्थी येणार कसे, ही अध्यक्ष झेफनाया मूर यांची चिंता. कॉलेज कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात हलवावे, असे विश्वस्तांनी ठरविले. पण विधिमंडळाने १८२० मध्ये परवानगी नाकारली. तेव्हा मूर स्वतःच उठले आणि खोऱ्यातील ॲमहर्स्ट येथील नव्या कॉलेजाचे अध्यक्ष झाले.

आता विद्यार्थ्यांनी काय करावे? लॅटिन, ग्रीक, गणित हा अभ्यास दोहीकडे तोच. परंतु सनद जुन्या कॉलेजापाशी, आणि गुरू नव्या! सुमारे पंधरा जण गुरूमागे गेले. हे धाडस लहानसहान नव्हे; कारण ॲमहर्स्टला सनद मिळाली ती १८२५ मध्ये, आणि मूर तर १८२३ मध्येच वारले.

मागे राहिलेल्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. विल्यम्स मात्र बुडाले नाही. त्याच वर्षी माजी विद्यार्थ्यांनी आपला संघ स्थापून कॉलेजाला आधार दिला. पुढे १८५९ साली पिट्सफील्ड येथे दोन्ही कॉलेजे बेसबॉलच्या मैदानावर समोरासमोर आली, तेव्हा ॲमहर्स्टने ७३ विरुद्ध ३२ अशी सरशी केली.