एका विमानतळाची कुंडली



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की राजे, सेनापती आणि तह यांच्या कथा ऐकावयास मिळतील अशी आपली अपेक्षा असणार. ती आम्ही पुरी करू शकणार नाही. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जो काही इतिहास वाचला तो वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. त्यामुळे कोणतीही मोठी वास्तू पाहिली की ती कोणी बांधली, कोणाच्या हुकुमाने बांधली आणि बांधणाऱ्याला त्यात काही विचारले होते काय, हे तीन प्रश्न आमच्या मनात प्रथम येतात. याच तीन प्रश्नांनी आज एका जर्मन लष्करी विमानतळाची कुंडली मांडावी असे योजिले आहे.

उत्तर जर्मनीत हानोव्हर शहराच्या पश्चिमेस वुन्स्टॉर्फ नावाचे एक लहान गाव आहे. रेल्वेचे जंक्शन, सपाट जमीन, जवळच एक विस्तीर्ण सरोवर. या गावाबाहेर १९३४ साली विमानतळाचे काम सुरू झाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी विमानदल ठेवण्यास बंदी होती, म्हणून सारा मामला गुपचूप चालला होता. विमानदल उभे राहिल्याची उघड घोषणा झाली ती मार्च १९३५ मध्ये.

आता एक वर्ष मागे चला. १९३३ साली हिटलरच्या सरकारने १ मे हा दिवस पगारी सुटीचा राष्ट्रीय सण म्हणून जाहीर केला. कामगार संघटनांनीही त्यात भाग घेतला. दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, देशभरातील संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या, निधी जप्त झाले, पुढारी पकडले गेले. संपाचा आणि सामुदायिक कराराचा हक्क संपला. म्हणजे वुन्स्टॉर्फच्या शेतात पहिली कुदळ पडली तेव्हा ती चालविणाऱ्या मजुराला संघटना उरली नव्हती. वर्षानुवर्षे बेकार राहिलेल्या त्या माणसाला काम मिळाले, चूल पेटली, हे आम्ही नाकारीत नाही. पण हे मैदान कशासाठी सपाट करावयाचे, हे विचारण्याची जागाच देशात शिल्लक राहिली नव्हती.

त्याचे उत्तर लवकरच मिळाले. वुन्स्टॉर्फ येथे बेल्के नावाच्या बॉम्बफेकी दलाची तुकडी राहावयास आली. स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या मदतीला जे 'काँडोर' दल गेले, त्यात या तळावरची माणसेही होती. २६ एप्रिल १९३७ रोजी, सोमवारी, त्या दलाने इटालियन विमानांच्या साथीने बास्क प्रांतातील गेर्निका हे गाव जाळले. बॉम्ब टाकणाऱ्या विमानांत युंकर्स ५२ होते. हे विमान मुळात माल आणि उतारू नेण्यासाठी बनविलेले! या कृत्यातील जर्मनीचा दोष त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी स्पष्ट शब्दांत कबूल करावयास १९९७ साल उजाडले.

एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्याने हा तळ घेतला. तीन वर्षांनी, जून १९४८ मध्ये, रशियनांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे अडविले. वीस लाखांहून अधिक माणसांना अन्न आणि कोळसा पोचवावयाचा कसा? त्या शहराला रोज निदान साडेचार हजार टन माल लागेल असा हिशेब झाला. मग आकाशातून पुरवठा सुरू झाला आणि ब्रिटिशांचे एक प्रमुख ठाणे म्हणून वुन्स्टॉर्फचे नाव पुढे आले. आरंभीच मुसळधार पाऊस, मैदानाचा चिखल, त्यावर लोखंडी पत्रे अंथरून विमाने उभी करावी लागली. इथून उडणारे यॉर्क विमान लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानावरून बेतलेले होते, पंख तेच आणि इंजिनेही तीच. ज्या पंखांनी बर्लिनवर आग ओतली, त्याच घडणीच्या पंखांवरून आता बर्लिनला पीठ जाऊ लागले.

या प्रसंगाच्या पुस्तकांत वैमानिकांची छायाचित्रे पुष्कळ आहेत आणि ती असावीतच. १९ सप्टेंबर १९४८ च्या रात्री वुन्स्टॉर्फहून उडताच एक यॉर्क कोसळले आणि पाच जण मेले. पण पोती उचलणारे कोण होते? ब्रिटिश सैनिकांच्या जोडीला जर्मन मजूर होते. तिकडे बर्लिनमध्ये टेगेलचा नवा विमानतळ हजारो माणसांनी, ज्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती, शहराचाच राडारोडा पसरून अवघ्या तीन महिन्यांत उभा केला. सप्टेंबर १९४९ पर्यंत सुमारे २३ लाख टन माल पोचला, त्यात दोनतृतीयांश कोळसा. तो सगळा कोणीतरी पाठीवर वाहिला होता.

पुढे जर्मनीला पुन्हा सैन्य द्यावे की नाही हा वाद पेटला. जानेवारी १९५५ मध्ये फ्रँकफुर्टच्या पाउल्सकिर्शमध्ये सभा भरून पुनःशस्त्रीकरणाला विरोध झाला. व्यासपीठावर कामगार महासंघाचे पुढारी होते. विरोध हरला, सैन्य उभे राहिले आणि वुन्स्टॉर्फचा तळ नव्या जर्मन विमानदलाकडे आला. परंतु १९३४ आणि १९५५ यांत अंतर आहे ते हेच. पहिल्या वेळी प्रश्न विचारणारा तुरुंगात होता, दुसऱ्या वेळी तो व्यासपीठावर होता.

आज तिथे ६२ वे हवाई वाहतूक दल असते. जुनी ट्रान्सआल विमाने निवृत्त झाली. डिसेंबर २०१४ पासून ए-४००एम ही चार पंख्यांची प्रचंड विमाने येऊ लागली. जर्मनीने अशी ५३ मागविली आणि त्यांचे घर वुन्स्टॉर्फ हेच. सैनिक, रणगाड्यांचे सुटे भाग, जखमी माणसे, सारे यांतून जाते. मे २०२१ मध्ये आपल्याकडे प्राणवायूवाचून माणसे तडफडत होती, तेव्हा प्राणवायू तयार करण्याचे जर्मन सैन्याचे संयंत्र दिल्लीस आले ते याच विमानांतून.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काबूल पडले. याच विमानांनी काबूल ते ताश्कंद अशा फेऱ्या करून ५,३४७ माणसे बाहेर काढली. ही मोठीच कामगिरी होय. परंतु पहिले विमान परतले ते अवघ्या सात जणांना घेऊन. आणि जर्मन सैन्यासाठी वर्षानुवर्षे दुभाषे म्हणून राबलेल्या अफगाणांपैकी कित्येक मागेच राहिले. संघटनेत काम करणाऱ्याला ही गोष्ट फार ओळखीची आहे. काम असेपर्यंत माणूस आपला, काम संपले की त्याचे नाव यादीत सापडत नाही! मात्र इथेही जर्मन संसदेला २०२२ साली चौकशी समिती नेमावी लागली, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा ही कुंडली काय सांगते? तळ चांगला की वाईट, याचे उत्तर त्याच्या जमिनीत नाही. त्याच मैदानावरून गेर्निकाचे मारेकरीही गेले आणि बर्लिनची भाकरीही गेली. यंत्राला विवेक नसतो. तो माणसांनी पुरवावा लागतो. पण विवेक एकट्याने पुरविता येत नाही. हुकूम आल्यावर 'कशासाठी?' असे विचारण्यास चार माणसे एकत्र उभी राहावी लागतात आणि उभी राहण्याची मोकळीक आधीच कमावून ठेवावी लागते. १९३३ च्या मे महिन्यात ती एका दिवसात गेली, हे ध्यानी असू द्यावे.

आज जगात पुन्हा तळ बांधले जात आहेत, धावपट्ट्या लांब होत आहेत. त्यांवर राबणाऱ्यांना रोजगार हवा, आणि तो मागण्यात काहीच गैर नाही. आमची विनंती इतकीच की रोजगाराबरोबर प्रश्न विचारण्याचा हक्कही मजुरीच्या करारात असावा. हे सांगून आम्ही आपली रजा घेतो.