धक्काशोषक, उंचावलेल्या वाहनांचे

खडकाळ वाटांसाठी जमिनीपासून उंच केलेल्या जीप, पिकअप व लहान ट्रक यांत स्प्रिंगचे झुलणे आवरणारे साधन. गॅरेजच्या बोलीत ‘शॉकअप’. नाव धक्काशोषक असले, तरी धक्का झेलते ती स्प्रिंग. शोषकातील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल झडपांच्या बारीक वाटांतून रेटले जाते आणि हालचालीतील ऊर्जेची उष्णता होते. गाडीचा भार तो पेलत नाही. म्हणून नुसता शॉकअप बदलून गाडी उंच होत नाही. उच्च दाबाचा नायट्रोजन भरलेला प्रकार हा किरकोळ अपवाद : दाब 14 किग्रॅ./सेमी.² व दांड्याचा व्यास 16 मिमी. असल्यास दांडा सुमारे 28 किग्रॅ. रेट्याने बाहेर ढकलला जातो.

इतिहास : आरंभीचे शोषक घर्षणावर चालत. फ्रान्समधील त्र्युफो यांची रचना एडवर्ड हार्टफर्ड यांनी अमेरिकेत रुजवली. क्लीव्हलंडचे क्लॉड फॉस्टर हे निकास वायूवर वाजणाऱ्या ‘गेब्रियल’ भोंग्याचे जनक. त्यांनी पुढे ‘स्नबर’ हे पट्टा गुंडाळलेले साधन काढले; उसळणारी स्प्रिंग तो पट्टा ओढून धरी. भोंगा मागे पडला, पण त्याचे नाव शोषकांना चिकटले. 1961 मध्ये गेब्रियल इंडिया ही कंपनी स्थापन झाली व मुंबईतील मुलुंड येथे तिचे उत्पादन सुरू झाले. चाकण व नासिक येथील कारखाने नंतरचे. फ्रान्समधील द कार्बाँ यांच्या एकनळी वायुदाब रचनेचा बिलस्टाइनने 1950 नंतरच्या दशकात जर्मनीत प्रसार केला.

उंचीचा परिणाम : गाडी कशाने उंच केली, यावर निवड ठरते. चेसिस व बॉडी यांमध्ये ठोकळे घातले असल्यास एक्सल व चेसिस यांतील अंतर बदलत नाही; मूळ शोषक चालतो. पाटे किंवा गुंडाळीच्या स्प्रिंगा उंच बसवल्यास मात्र उभ्या गाडीत शोषक आधीच ताणलेला राहतो. येथे एक गैरसमज सार्वत्रिक आहे : गाडी 50 मिमी. उंच, म्हणून शोषकही सर्व बाजूंनी 50 मिमी. लांब हवा. प्रत्यक्षात चाक पूर्ण वर गेल्यावर एक्सल जिथे आधी टेकत होता तिथेच टेकतो, कारण रबरी ठोकळा (बंप स्टॉप) जागचा हललेला नसतो. त्यामुळे ताणलेली लांबी वाढवावी लागते. दबलेली लांबी वाढवून चालत नाही.

मापन : निवडीचा खरा आधार हाच. स्प्रिंग व शोषक काढून एक्सल जॅकने उचलावा, रबरी ठोकळा निम्मा चेपेपर्यंत न्यावा आणि वरच्या व खालच्या बुशांच्या मध्यांतील अंतर टेपने मोजावे. मग एक्सल खाली सोडत जावा; ब्रेकची नळी ताठ होण्यापूर्वी किंवा प्रोपेलर शाफ्टचा सांधा अडण्यापूर्वी थांबून पुन्हा मोजावे.

उदाहरणार्थ, मूळ गाडी उभी असता अंतर 430 मिमी., ठोकळा निम्मा चेपल्यावर 350 व चाक लोंबकळल्यावर 510. गाडी 50 मिमी. उंच केल्यावर उभे अंतर 480 होते. जुना शोषक 510 ला संपत असल्याने चाकाला खाली जायला 80 ऐवजी 30 मिमी.च उरतात. खड्ड्यात चाक अधांतरी राहते आणि प्रत्येक उसळीला शोषक आतून ठणकतो. पूर्वीची मोकळीक हवी असल्यास ताणलेली लांबी 560 लागते. दबलेली लांबी मात्र 350 पेक्षा 10–12 मिमी. कमीच हवी. याउलट ‘लांब तितका चांगला’ म्हणून 600/360 चा शोषक लावल्यास ठोकळा तेवढा चेपण्याच्या 10 मिमी. आधीच दट्ट्या तळ गाठतो. मग दांडा वाकतो किंवा चेसिसवरचा ब्रॅकेट फाटतो. शोषक बसवल्यावर पडताळणीसाठी उघड्या दांड्यावर केबल टाय आवळून एक फेरी मारावी. तो सरकून जिथे थांबेल, तितकीच चाल वापरली गेली.

कोन : अखंड एक्सलवर शोषक उभ्या रेषेपासून 30° कलता असल्यास चाकाशी त्याचा प्रभाव सुमारे 75% उरतो, 45° ला निम्मा. एक्सल खाली गेल्यावर हा कोनही बदलतो.

प्रकार : दुहेरी नळीचा शोषक स्वस्त, बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा पडला तरी बहुधा चालत राहतो. एकनळी प्रकारात तेल व वायू तरत्या दट्ट्याने वेगळे ठेवलेले असतात. तेल फेसाळत नाही, उष्णता लवकर बाहेर पडते, पण खोल पोचा पडल्यास दट्ट्या अडकतो. जोडटाकीच्या प्रकारात वायूचा भाग बाहेर नेल्याने त्याच लांबीत अधिक चाल मिळते. लांब, वेगवान वाळवंटी शर्यतींत तो रूढ आहे.

कडकपणा : जड टायर व लोखंडी बंपर यांमुळे शोषक किती कडक हवा याचे गणित बदलते. उंच गाडीला कडक शोषकच हवा, हे मत सर्वमान्य नाही.

भारतातील वाहने : जिप्सीत चारही चाकांवर पाटे, पहिल्या थारमध्ये (2010) पुढे टॉर्शन बार व मागे पाटे, 2020 च्या थारमध्ये सर्वत्र गुंडाळीच्या स्प्रिंगा. टॉर्शन बारचा बोल्ट पिळून गाडी उंच केल्यास पुढच्या चाकाची खाली जाण्याची चाल तेवढी घटते.

कायदा : वाहनातील अशा फेरबदलांना मोटार वाहन अधिनियम 1988, कलम 52 लागू. या कलमावरील सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निर्णय प्रसिद्ध आहे.

देखभाल : तेल गळू लागल्यास एकाच एक्सलवरील दोन्ही शोषक एकदम बदलतात.