चंद्रकलेचा शोध : नित्य राहू ते चांद्रयान

अष्टमी-चतुर्दशीची पर्वतिथी आली की जैन घरात स्वयंपाकापासून प्रतिक्रमणापर्यंत सारा दिनक्रम बदलतो. शहापूर असो वा मुरबाड, श्रावकाचे व्रत-नियम चंद्राच्या गतीवर चालतात. मात्र हा चंद्र रोज आकार का बदलतो, या प्रश्नाचे उत्तर शाळेत एक मिळते आणि आगमात दुसरे. घरातील मुले त्याविषयी वडीलधाऱ्यांना विचारतात, तेव्हा हा प्रश्न टाळणे योग्य नव्हे. त्यामागे दोन हजार वर्षांच्या चिंतनाचा इतिहास आहे.

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची चढण लागते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या या लेखाच्या आरंभी ज्या देवतांना वंदन केले आहे, त्यांत चंद्र-सूर्यही आहेत. प्राकृताच्याच कुळातील अर्धमागधीत रचलेल्या सूर्यप्रज्ञप्ती व चंद्रप्रज्ञप्ती या आगमांनी याच चंद्र-सूर्यांच्या गतीचे गणित मांडले.

आगमात राहू दोन प्रकारचा सांगितला आहे. नित्य राहू कृष्णपक्षात प्रतिदिनी चंद्राचा पंधरावा भाग झाकतो आणि शुक्लपक्षात त्याच क्रमाने तो उघडा करतो. पर्व राहू मात्र कधीकाळीच येतो व ग्रहण घडवितो. या वर्गीकरणाचे मोल मोठे आहे. चंद्रकला आणि चंद्रग्रहण या दोन भिन्न घटना आहेत, हे त्यात स्पष्ट आहे. पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्र रोज कमी-जास्त होतो, असा समज आजही अनेक सुशिक्षितांत आढळतो. वस्तुतः ती सावली केवळ ग्रहणातच चंद्रावर पडते.

कालगणनाही तितकीच सूक्ष्म होती. पाच वर्षांचे एक युग, त्यात १८३० दिवस, ६२ चांद्रमास व १८६० तिथी. म्हणजेच ६१ दिवसांत ६२ तिथी आणि म्हणून एका तिथीचा क्षय. पाच वर्षांच्या युगाची ही चौकट वेदांगज्योतिषातही आहे. या हिशेबाने चांद्रमास सुमारे २९.५१६ दिवसांचा येतो. आजचे सरासरी मान २९.५३१ दिवस आहे. दुर्बिणीविना केलेल्या या गणनेत महिन्याला केवळ सुमारे २१ मिनिटांचा फरक आहे.

कारणाचा उलगडा पुढे झाला. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने चंद्राचा अर्धा भाग सूर्यामुळे प्रकाशित असतो, असे प्रतिपादन केले. सहाव्या शतकात वराहमिहिराने उन्हात ठेवलेल्या घड्याचा दृष्टांत दिला. घड्याची सूर्याकडील बाजू उजळते व दुसरी स्वतःच्याच छायेत राहते. चंद्राचेही तसेच आहे. तो पृथ्वीभोवती फिरतो, म्हणून त्याचा उजळलेला अर्धा भाग आपल्याला कधी कोरीएवढा, कधी पूर्ण दिसतो.

याची प्रचीती या परिसरात कोणालाही घेता येते. बीजेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेस, मावळत्या सूर्याच्या जवळच दिसते. शुक्ल अष्टमीस सायंकाळी चंद्र डोक्यावर अर्धा असतो. पौर्णिमेस सूर्य मावळत असताना पूर्वेस सह्याद्रीच्या रांगेमागून पूर्णबिंब वर येते, कारण तेव्हा तो सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्य-चंद्रातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती सम नसल्याने तिथी लहान-मोठी होते आणि त्यातूनच क्षय-वृद्धी घडते.

दि. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. ते सूर्यप्रकाशावरच चालणारे असल्याने तेथील सकाळ होताना उतरविण्यात आले व सुमारे दोन आठवड्यांनी, रात्र होण्यापूर्वी, त्याचे कार्य थांबविण्यात आले. चंद्राचा प्रकाश सूर्याकडून येतो, याला यापेक्षा निराळा पुरावा नको.

नित्य राहूचे स्पष्टीकरण आज कारण म्हणून टिकत नाही, हे मुलांना मोकळेपणाने सांगावे. त्याबरोबरच, रात्रीमागून रात्री आकाश न्याहाळून तिथींचा मेळ बसविणाऱ्या पूर्वसूरींची गणनाही त्यांना शिकवावी. चतुर्दशीचे प्रतिक्रमण राहूवर अवलंबून नाही. ते आत्मनिरीक्षणासाठी आहे. सत्य जाणून त्याचा स्वीकार करणे हाही सम्यक् ज्ञानाचाच मार्ग होय.