येणे एक, दावेदार अनेक : हक्क कोणाचा?

थकलेले येणे ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ताच असते. ते विकता येते, तारण ठेवता येते आणि न्यायालयामार्फत जप्तही होऊ शकते. त्यामुळे एकाच रकमेवर मूळ धनको, त्याच्याकडून ते येणे विकत घेणारा, बँक आणि कर विभाग असे अनेक जण हक्क सांगू शकतात. रक्कम मात्र एकदाच वसूल व्हायची असते. अशा वेळी कोणाचा हक्क वरचढ ठरतो, याचे नियम भारतात निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत.

नोटिशीचे महत्त्व

विनातारण येण्याच्या विक्रीचा मूळ नियम मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १३० मध्ये आहे. विक्री लेखी असावी लागते आणि दस्तावर विकणाऱ्याची सही होताच ती पूर्ण होते; ऋणकोला कळवले असो वा नसो. मात्र नोटीस मिळण्यापूर्वी ऋणकोने मूळ धनकोला पैसे चुकते केले, तर तो ऋणमुक्त होतो. खरेदीदाराला मग त्याच्यावर दावा करता येत नाही. पैशांसाठी विकणाऱ्याच्याच मागे लागावे लागते. कलम १३१ नुसार ही नोटीस लेखी असावी आणि तीत खरेदीदाराचे नाव व पत्ता असावा.

खरेदीदाराला विकणाऱ्यापेक्षा अधिक हक्कही मिळत नाही. मूळ धनकोने सदोष माल दिला म्हणून रक्कम कापून घेण्याचा ऋणकोचा हक्क असेल, तर कलम १३२ प्रमाणे तो खरेदीदाराविरुद्धही कायम राहतो.

दोन खरेदीदार

एकच येणे दोघांना विकले गेले तर? इंग्लंडमध्ये हा प्रश्न 'डिअर्ल विरुद्ध हॉल' या खटल्यात आला. त्यात वडिलांच्या मृत्युपत्रानुसार मिळणारे वार्षिक उत्पन्न एकाने आधी दोघांना आणि नंतर हॉल याला विकले. विश्वस्तांकडे चौकशी करून प्रथम नोटीस देणारा हॉलच होता, म्हणून १८२८ मध्ये त्याचा हक्क वरचढ ठरला. भारतात सहीबरोबरच हस्तांतरण पूर्ण होत असल्याने सर्वसाधारणपणे आधीच्या खरेदीदाराचे पारडे जड असते. आयुर्विम्याच्या पॉलिसीबाबत मात्र, विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ३८ नुसार, विमा कंपनीला नोटीस पोहोचल्याच्या तारखेवरून अग्रक्रम ठरतो.

बँका आणि सरकार

बँकांची थकीत कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकण्याची तरतूद २००२ च्या सरफेसी कायद्याने केली. बँकांनी आपसांत कर्जे विकणेही वैध असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. राज्याच्या विक्रीकर कायद्याने थकबाकीला प्रथम बोजाचा दर्जा दिला असेल, तर ती बँकेच्या तारणाच्याही आधी येते, असा निकाल याच न्यायालयाने २००९ मध्ये दिला होता. पुढे सरफेसी कायद्यात कलम २६-ई आले आणि ते जानेवारी २०२० पासून अमलात आले. त्यानुसार केंद्रीय नोंदणीकृत तारणाला अग्रक्रम मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात हाच अर्थ लावला. मात्र नोंदणीची अट महत्त्वाची मानली.

कंपनी बुडाल्यास

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ५३ मध्ये वाटपाचा क्रम दिला आहे. प्रक्रियेचा खर्च प्रथम. त्यानंतर कामगारांचे २४ महिन्यांचे वेतन आणि तारण सोडून देणारे धनको समान पातळीवर. पुढे इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे वेतन. मग विनातारण वित्तीय धनको. त्यानंतर सरकारी देणी. भागधारक सर्वांत शेवटी. मालपुरवठादाराचे येणे एखाद्या बँकेने विकत घेतले, तरी तेवढ्यापुरती ती बँक पुरवठादाराच्याच दर्जाची राहते.

ऋणकोने काय करावे

दोघांकडून मागणी आल्यास एकाला घाईने पैसे देणे धोक्याचे असते. दुसऱ्यांदा पैसे भरण्याची वेळ येऊ शकते. स्वतःला त्या रकमेवर हक्क सांगायचा नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८८ नुसार दोन्ही दावेदारांना प्रतिवादी करून ऋणकोला न्यायालयात जाता येते. रक्कम न्यायालयात जमा झाली, की खरा हक्कदार कोण याचा निर्णय न्यायालय करते. खरेदीदाराच्या दृष्टीने मात्र दस्त, नोटीस आणि लागू असेल तेथे नोंदणी या तिन्ही गोष्टी विनाविलंब पूर्ण करणे हेच खरे संरक्षण होय.